क्लिप सुरू होण्याआधीची दहा सेकंदं

जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या एका मुलाची क्लिप देशभर फिरली. शिवडी स्टेशनातून गाडी सुटते आहे. मुलाने दारातला दांडा घट्ट धरलाय आणि एक पाय फलाटावर घासत तो गाडीबरोबर लांबपर्यंत सरकत जातो. क्लिप संपते तेव्हा तो धडधाकट असतो. रेल्वे सुरक्षा बलाचे जवान शोध घेत त्याच्या घरी पोचले तेव्हा कळलं, की ती क्लिप मार्चमधली आहे. त्यानंतर एप्रिलमध्ये मशीद स्टेशनात असाच दुसरा स्टंट करताना त्याचा एक हात आणि एक पाय गेला होता. लाखो लोक जुलैमध्ये ज्याला ‘काय डेअरिंग आहे’ किंवा ‘आत टाका अशांना’ म्हणत होते, तो मुलगा त्या घडीला एक हात आणि एक पाय गमावून घरी बसला होता. मध्य रेल्वेने नंतर त्याच्याच तोंडून, ‘असं करू नका’ हे आवाहन प्रसिद्ध केलं. ते आवाहन क्लिपच्या मानाने फार थोड्या लोकांनी पाहिलं.

मी नोएडात, सेक्टर १६ए मधल्या फिल्म सिटीत व्हिडिओ एडिटर आहे. नाव फिल्म सिटी असलं तरी इथे सिनेमे कमी आणि बातम्या जास्त बनतात. हिंदीतल्या बऱ्याच वृत्तवाहिन्यांची ऑफिसं इथेच एकमेकांना खेटून उभी आहेत. देशात कुठेही रुळांवर काही घडलं आणि कुणाच्या मोबाइलमध्ये किंवा फलाटावरच्या कॅमेऱ्यात ते सापडलं, की ती क्लिप घटकाभरात आमच्या मशीनवर येऊन पडते. मग वरून आवाज येतो, ‘गोला लगाओ, स्लो करो, लूप पे डालो.’ म्हणजे पडणाऱ्या माणसाभोवती लाल वर्तुळ काढायचं, चित्र संथ करायचं आणि तेच चार-पाच सेकंद पुन्हा पुन्हा फिरवत ठेवायचे. वर अँकरचा आवाज, खाली पट्टी. मूळची मी बदलापूरची. लोकलच्या दारात उभं राहून कॉलेज केलं. त्यामुळे या क्लिपा माझ्यासाठी नुसतं ‘फुटेज’ कधीच होऊ शकल्या नाहीत. त्या बघून बघून एक गोष्ट मला पक्की कळली आहे, तीच इथे सांगायची आहे. अपघात आपण ज्या चार सेकंदांत बघतो, त्या चार सेकंदांत तो टाळण्यासारखं जवळजवळ काहीच उरलेलं नसतं. जे करता आलं असतं ते सगळं त्याच्या आधी, चित्राच्या चौकटीबाहेर असतं. आणि कापाकापीत आम्ही नेमका तोच भाग टाकून देतो.

आधी क्लिप खरी की खोटी ते बघावं लागतं. रेल्वेच्या क्लिपा वर्षानुवर्षं फिरत असतात. कोणी तरी तीच जुनी क्लिप ‘आज सकाळी आमच्या गावाजवळ’ म्हणून परत सोडून देतो. मग मी चित्र थांबवून कडेचे तपशील शोधते. डबे निळे जुन्या धाटणीचे आहेत की लाल, नव्या धाटणीचे एलएचबी? स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर भाषा कोणत्या? उत्तर प्रदेशात हिंदी-इंग्रजीबरोबर बहुतेक ठिकाणी उर्दू असते, महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी एकाखाली एक. सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे विजेचा खांब. ओव्हरहेड तारांच्या प्रत्येक खांबाला एक छोटी पाटी असते. तिच्यावर वर किलोमीटर आणि खाली त्या किलोमीटरमधला खांबाचा क्रमांक लिहिलेला असतो. ती पाटी वाचता आली, तर गाडी त्या क्षणी नेमकी कुठे होती ते सांगता येतं. या पाटीकडे मी पुन्हा येणार आहे, कारण ती वाचकांच्याही कामाची आहे.

आता वेगाचं बघा. आपल्याकडे टीव्हीचं चित्र सेकंदाला २५ चौकटींचं असतं. गाझियाबादहून अलीगढकडे जाणाऱ्या दिल्ली-हावडा मार्गावर एक्सप्रेस गाड्यांना ताशी १३० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३६ मीटर आणि एका चौकटीत जवळजवळ दीड मीटर. एलएचबी डबा सुमारे २४ मीटर लांब असतो. तो एका खांबासमोरून जायला साधारण १७ चौकटी लागतात. मी अशा चौकटी मोजून वेगाचा अंदाज घेते आणि दर वेळी आकडा माझ्या डोळ्यांच्या अंदाजापेक्षा जास्त निघतो. माझे डोळे तर दिवसभर हेच काम करतात.

डोळे असे का फसतात, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. रूळ ओलांडणाऱ्याला गाडी बाजूने दिसत नाही, समोरून दिसते. समोरून येणारी वस्तू जवळ येतेय हे आपल्याला फक्त ती मोठी होताना बघून कळतं. हात लांब करून अंगठा डोळ्यांसमोर धरा. १३० च्या वेगातली गाडी तुमच्यापासून दहा सेकंदांवर असते, म्हणजे ३६० मीटरवर, तेव्हा तिचं इंजिन त्या अंगठ्याच्या रुंदीच्या पावपट दिसतं. पाच सेकंदांनी ते अर्ध्या अंगठ्याएवढं होतं. पाच सेकंद गेले आणि फरक तेवढाच, त्यामुळे मेंदू म्हणतो, ‘अजून लांब आहे’. गाडी एका सेकंदावर येते तेव्हा तेच इंजिन अडीच अंगठ्यांएवढं झालेलं असतं आणि त्यानंतर ते सगळी नजर व्यापून टाकतं. सगळी वाढ शेवटच्या एक-दोन सेकंदांत होते. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली. मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा हळू चालल्यासारखी वाटते. मोटरसायकल जेवढी वेगवान भासते तेवढी त्याच वेगाची रेल्वे भासत नाही. ‘गाडी दिसत असूनही हा मूर्ख कसा गेला?’ हा प्रश्न प्रत्येक क्लिपखाली असतो. त्याचं उत्तर बरेचदा हेच असतं. गाडी त्याला दिसत होती, पण तिचा वेग दिसत नव्हता.

आणि चालकाला? माझे मामा मध्य रेल्वेत मोटरमन होते. त्यांचं एक वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे, ‘माणूस मला दिसतो तेव्हा मी ब्रेक लावतो, गाडी थांबते ती त्याच्या पलीकडे.’ १३० च्या वेगात असलेली एक्सप्रेस आणीबाणीचा ब्रेक लावल्यावर पूर्ण थांबायला साधारण एक किलोमीटर आणि कधी त्याहून जास्त अंतर घेते. लोखंडाच्या रुळावर लोखंडाचं चाक, त्यात पकड कमी. गाडी बाजूला घेता येत नाही. चालकाच्या हातात ब्रेक आणि हॉर्न, एवढंच. मामा निवृत्त झाल्यावरही रात्री झोपेत दचकायचे. मोटरमनच्या मनावर काय राहतं, ते कुठल्याच क्लिपमध्ये येत नाही.

नोएडातल्या लोकांना वाटतं, आमच्याकडे रेल्वे कुठे आहे, आमच्याकडे मेट्रो. पण याच जिल्ह्यातून, दादरी, मारीपत, अजायबपूरवरून देशातला एक अत्यंत गर्दीचा लोहमार्ग जातो. इथल्या कारखान्यांतले कामगार, सोसायट्यांचे सुरक्षारक्षक, घरकामाला येणाऱ्या बायका, यांतले कितीतरी जण खुर्जा-अलीगढकडून पॅसेंजर गाडीने येतात. मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग इथे दादरीला सुरू होतो आणि १,५०६ किलोमीटरवर आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरात, उरणजवळ संपतो. त्यावरून एकावर एक असे दोन मजली कंटेनर लादलेल्या गाड्या धावतात. पूर्वी रुळांना दर काही मीटरवर सांधे असायचे, त्यांचा खडखडाट लांबून ऐकू यायचा. आता रूळ जोडून सलग केलेले असतात, इंजिनं विजेची असतात. गाडी येते ती पुष्कळच कमी आवाजात. समोरून येणारा आवाज तर इंजिनाच्या पुढे फार लांब पोचत नाही. कानात इयरफोन असला, तर तोही राहिला.

डिसेंबर २०२२ मध्ये गाझियाबादच्या मसुरी भागात, कल्लू गढी फाटकाजवळ, रात्रीच्या वेळी तिघे जण रुळांवर व्हिडिओ काढत होते. दिल्लीहून प्रतापगढला जाणारी पद्मावत एक्सप्रेस आली आणि तिघेही गेले. चालकाने नंतर सांगितलं, की त्याला मोबाइलचा उजेड दिसला होता, त्याने हॉर्नही दिला. फिल्म सिटीपासून ही जागा फार लांब नाही. ती बातमी त्या दिवशी सगळीकडे ‘रील के चक्कर में’ या मथळ्याच्या वळणाने गेली. मथळा चुकीचा नव्हता, पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. कॅमेऱ्याचं काम माझं रोजचं असल्याने मला माहीत आहे, की मोबाइलच्या समोरच्या, म्हणजे सेल्फीच्या कॅमेऱ्याचं भिंग रुंद कोनाचं असतं. सगळे मित्र चौकटीत मावावेत म्हणून ते तसं केलेलं असतं. रुंद भिंगातून मागची वस्तू असते त्याहून लहान आणि लांब दिसते. जो माणूस पाठमोरा उभा राहून स्क्रीनमध्ये बघतो, त्याला मागून येणारी गाडी प्रत्यक्षापेक्षा दूर दिसते. उघड्या डोळ्यांनाच मुळात गाडीचा वेग कळत नाही, त्यात हे भिंग आणखी फसवतं. हे शाळेत मुलांना कोणी सांगत नाही. ‘रुळांवर सेल्फी काढू नका’ असा फलक असतो, पण ‘स्क्रीनमधली गाडी खोटं अंतर दाखवते’ असं सांगणारा फलक मी अजून पाहिलेला नाही.

‘आम्ही रुळांवर नव्हतो, कडेला होतो’ असंही ऐकू येतं. आपल्या ब्रॉडगेज मार्गात दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर असतं. डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना डबा रुळाच्या बाहेर सुमारे पाऊण मीटर, अडीच फूट येतो. मुंबईची लोकल त्याहून रुंद, ३.६६ मीटर. ती रुळाबाहेर जवळजवळ एक मीटर येते. दाराचा दांडा, दारात उभ्या माणसाची पाठीवरची बॅग हे त्याच्याही बाहेर. रुळापासून दोन पावलांवर उभा असलेला माणूस गाडीच्या वाटेतच असतो. उभ्या मालगाडीवर चढून फोटो काढणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. वरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. ती तार पकडावी लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज हवेतून झेप घेते. वॅगनवर चढलेल्या मुलाच्या अशा क्लिपा आम्ही दाखवत नाही. दाखवण्याजोगं त्यात काही नसतं.

‘दुसरी गाडी’ हा रुळांवरचा सगळ्यात जुना आणि कमी बोलला जाणारा धोका आहे. एक गाडी गेली की माणूस सुटकेचा श्वास टाकतो आणि पाऊल पुढे टाकतो. त्या गाडीच्या आवाजाने आणि तिच्या धुडाने शेजारच्या मार्गावरून येणारी दुसरी गाडी झाकलेली असते. २२ जानेवारी २०२५ ला जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ अशा दुसऱ्या गाडीनेच घात केला. लखनौहून मुंबईला निघालेल्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली. कोणी तरी साखळी ओढली, गाडी थांबली आणि लोकांनी खाली उड्या टाकल्या. बरेच जण शेजारच्या रुळांवर उतरले. त्या मार्गावरून कर्नाटक एक्सप्रेस आली. बारा-तेरा माणसं गेली. पुष्पकच्या चालकाने धोक्याचा लुकलुकता दिवा लावला होता, समोरच्या चालकाने तो पाहून ब्रेकही लावले, असं रेल्वेने सांगितलं. पण तिथे वळण होतं, दिसायला उशीर झाला आणि पुरेसं अंतर उरलं नाही. घटनेनंतरचे व्हिडिओ महाराष्ट्रात सगळ्यांनी पाहिले. माझ्या आत्याने तर कुटुंबाच्या ग्रुपवर तीन वेगवेगळ्या क्लिपा टाकल्या. तिला मी फोन केला आणि विचारलं, ‘आत्या, गाडी मधेच थांबली आणि उतरायची वेळ आली, तर तू कोणत्या बाजूने उतरशील?’ ती म्हणाली, ‘अगं, ज्या दारात गर्दी कमी असेल त्या.’ तीन क्लिपा बघूनही तिच्या हाती काही लागलेलं नव्हतं. खरं तर शिकायचं एवढंच होतं, की धूर किंवा ज्वाळा डोळ्यांना दिसत नसतील तर खाली उतरायचंच नाही. उतरावं लागलंच, तर ज्या बाजूला दुसरा रूळ नाही त्या बाजूने उतरायचं आणि उतरल्यावर लगेच रुळांपासून लांब जायचं. आत्याने हे आता पुढे दहा जणांना सांगितलंय.

अमृतसरची क्लिप मी कधी विसरणार नाही. १९ ऑक्टोबर २०१८, दसरा. जोडा फाटकाजवळ रावणदहन चालू होतं आणि ते बघायला माणसं शेजारच्या रुळांवर उभी होती. जालंधरहून अमृतसरकडे येणारी गाडी त्या गर्दीतून निघून गेली. सुमारे साठ माणसं गेली. चित्रात दिसतं, की कितीतरी हात वर आहेत, हातांत मोबाइल आहेत आणि सगळे मोबाइल रावणाकडे आहेत. फटाक्यांचा आवाज एवढा, की हॉर्न ऐकू येणं कठीण. लोकांचा निष्काळजीपणा होताच, पण मैदानाच्या कडेला लोहमार्ग असताना एवढा मोठा कार्यक्रम ठरला, त्या दिवसांतच तो अपघात ठरलेला होता. मंडपाची जागा बघायला आलेल्या कोणीतरी एकाने रुळांकडे मान वळवून गाडीची वेळ विचारली असती, तर? आपल्याकडे गणपती-नवरात्रात लोहमार्गालगत मांडव पडतात, तेव्हा मला हे आठवतं.

मुंब्र्याबद्दल मला लिहायला जड जातं, कारण तो माझा रस्ता. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या शेजारून गेल्या. एक कसाऱ्याहून मुंबईला, दुसरी मुंबईहून कर्जतला. दोन्ही गाड्यांच्या दारांत माणसं लोंबकळत होती. ती एकमेकांना, त्यांच्या बॅगांना घासली आणि बरेच जण खाली पडले. त्यात चार जण त्याच दिवशी गेले. आमच्याकडे आलेल्या फुटेजमध्ये होती ती पडून राहिलेली माणसं आणि विखुरलेल्या बॅगा. स्टुडिओतल्या चर्चेत पहिल्या दहा मिनिटांत ‘लोक दारात का उभे राहतात?’ हा प्रश्न आला. मला त्या पॅनेलला सकाळी आठच्या सुमाराला डोंबिवलीच्या फलाटावर नेऊन उभं करावंसं वाटलं. दारात उभं राहणं तिथे निवड नसते. आत शिरायला जागाच नसते आणि समोरची गाडी सोडली तर कामावर लेटमार्क लागतो. स्टंट करणारा मुलगा आणि दारात लटकलेला बाप क्लिपमध्ये सारखेच दिसतात. पण त्यांच्या मागची कारणं पूर्ण वेगळी आहेत. हा फरक न करता सगळ्यांना एकच ‘जागरूकता’ शिकवायला जाणं मला अन्यायाचं वाटतं.

त्याच दिवशी रेल्वेने घोषणा केली, की नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं असतील आणि जुन्यांनाही ती बसवली जातील. दारं बंद झाली तर आत हवा कशी खेळणार, म्हणून झरोके असलेली दारं, छतातून हवा, डब्यातून डब्यात जायला वाट असा आराखडा आला. सुरक्षेचा विचार असा झाला पाहिजे असं मला वाटतं. माणसाच्या स्वभावावर भार न टाकता यंत्रात बदल करायचा. वंदे भारतमध्ये दार लागल्याशिवाय गाडी हलत नाही, त्यामुळे चालत्या गाडीतून उतरताना फलाटाच्या फटीत सापडण्याचा प्रकारच तिथे संपला. इतर गाड्यांत तो रोज घडतो. उतरणाऱ्याचं अंग गाडीच्या वेगाने चाललेलं असतं, पाय फलाटावर टेकून थांबतात आणि तोल जातो. रेल्वे सुरक्षा बलाचे जवान अशा माणसांना ओढून वाचवतात. त्या क्लिपा बघताना काळजाचा ठोका चुकतो. त्या जवानांबद्दल मला मनापासून आदर आहे. तरी ती फट तशीच राहते. २०१४ मध्ये घाटकोपरला एका १६ वर्षांच्या मुलीचे दोन्ही हात अशाच फटीत गेले. त्यानंतर मुंबई उच्च न्यायालयात प्रकरण लागून उपनगरी फलाटांची उंची वाढवण्याचं काम जोराने सुरू झालं.

वांगणीचं तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. १७ एप्रिल २०२१. दृष्टिहीन आई आणि तिचा लहान मुलगा फलाटाच्या कडेने चालत होते. मुलगा रुळांवर पडला. आई जमिनीवर हात फिरवत त्याला शोधत होती. समोरून उद्यान एक्सप्रेस. पॉइंट्समन मयूर शेळके रुळांमधून गाडीच्या दिशेने धावत आले, मुलाला उचलून फलाटावर ठेवलं आणि स्वतः वर चढले. पाठोपाठ गाडी गेली. स्टेशनच्या कॅमेऱ्यात हे सगळं आलं. रेल्वेने त्यांना ५० हजारांचं बक्षीस दिलं, त्यातली निम्मी रक्कम त्यांनी त्या मुलाच्या शिक्षणासाठी देऊ केली. वांगणी बदलापूरच्या पुढचं स्टेशन. ती क्लिप मी आमच्या मशीनवर पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती पुढे न नेता तशीच मागे नेली, मुलगा पडण्याच्या आधी. तिथे आई आणि मूल चालताना दिसतात. पायाखाली फलाट संपत आलाय हे तिला कळण्याचा मुख्य मार्ग असतो, पायाला जाणवणारी उंचवट्यांची पट्टी. वांगणीत दृष्टिहीन कुटुंबं बरीच राहतात, लोकलमध्ये छोट्या वस्तू विकून पोट भरतात. अशा स्टेशनात ती पट्टी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे का, तिच्यावर कोणी टपरी किंवा सामान टाकलंय का, हे दर महिन्याला बघायला हवं. शेळके यांच्या धैर्याचं मोल त्याने कमी होत नाही. पण दर वेळी फलाटावर शेळके असतीलच असं नाही.

रुळांवरचे मृत्यू आधीच रोखायला हवेत, हे कोणालाच सुचलं नव्हतं असंही नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने फेब्रुवारी २०१२ मध्ये रेल्वे सुरक्षेवर अहवाल दिला. रूळ ओलांडताना देशात वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात असा अंदाज त्यात होता आणि समितीने त्याला चक्क नरसंहार म्हटलं. पाच वर्षांत सगळी फाटकं काढून पूल बांधा, असं सुचवलं. ब्रॉडगेजवरची बिनरखवालीची फाटकं २०१९ च्या सुरुवातीपर्यंत खरोखरच संपली, हे मोठं काम झालं. माणसांच्या पायवाटा मात्र राहिल्या. जिथे वस्ती एका बाजूला आणि शाळा, बाजार, शौचालय दुसऱ्या बाजूला, तिथे रूळ ओलांडले जाणारच. रेल्वे कायद्याचं कलम १४७ सहा महिन्यांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतं. पण पूल अर्धा किलोमीटर लांब असेल तर दंडाची भीती पाय थांबवत नाही.

वडाळ्याचा प्रयोग मला फार आवडतो. २००९-१० च्या सुमाराला ‘फायनल माइल’ या मुंबईतल्या संस्थेने तिथे तीन साध्या गोष्टी केल्या. रुळांखालचे काही स्लीपर पिवळे रंगवले, म्हणजे ते पट्टे झपाट्याने झाकत येणारी गाडी किती वेगात आहे ते डोळ्यांना कळावं. चालकांना एक लांब हॉर्न देण्याऐवजी दोन तुटक हॉर्न द्यायला सांगितले, कारण आवाज तुटला की मेंदू जागा होतो. आणि रूळ ओलांडण्याच्या जागी एका माणसाच्या चेहऱ्याचे मोठे फोटो लावले. गाडी अंगावर येतानाची दहशत त्या चेहऱ्यावर होती. रक्त नाही, प्रेत नाही, उपदेशाचं वाक्य नाही. तिथले मृत्यू लक्षणीय घटले. त्या लोकांनी माणसाला मूर्ख ठरवलं नाही. त्याचे डोळे कुठे चुकतात ते शोधलं आणि तिथेच उपाय केला.

कॅमेरे आता इंजिनातही आले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये मथुरेला एक लोकल रात्री रूळ सोडून फलाटावर चढली. चालकाच्या कक्षातल्या कॅमेऱ्यात दिसलं, की आत शिरलेल्या कर्मचाऱ्याचं लक्ष मोबाइलमध्ये होतं आणि त्याने बॅग वेग वाढवण्याच्या हँडलवर ठेवली होती. सुदैवाने कोणी मेलं नाही. जुलै २०२५ मध्ये रेल्वेने ७४ हजार डबे आणि १५ हजार इंजिनांमध्ये कॅमेरे बसवायचं ठरवलं. ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणाही दिल्ली-मुंबई मार्गावर मथुरा ते कोटा या टप्प्यात सुरू झाली आहे. पण लोकांचा एक गैरसमज मी इथे दूर करू इच्छिते. कवच सिग्नल ओलांडणारी, वेगमर्यादा मोडणारी किंवा दुसऱ्या गाडीवर जाणारी गाडी थांबवतं. रुळांवर आलेला माणूस त्याला दिसत नाही.

माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने ९ जानेवारी २०२३ ला वाहिन्यांना अपघातांची रक्तबंबाळ दृश्यं न दाखवण्याबद्दल सूचना दिली होती. ती मला पटते. पण चेहरा झाकून, रक्त पुसून तेच चार सेकंद लूपवर फिरवले तर पाहणाऱ्याला फक्त भीती मिळते, उपयोगाचं काही मिळत नाही. म्हणून मी आता भांडून आधीचा भाग ठेवायला लावते. फाटक बंद झाल्यावर खालून वाकून जाणारा माणूस, त्याच्या कानातली वायर, पहिली गाडी गेल्यावर त्याने दुसऱ्या बाजूला न वळवलेली मान. संपादक म्हणतात, ‘इसमें कुछ हो नहीं रहा.’ मी त्यांना सांगते, सर, सगळं इथेच होतंय.

आणि ती खांबावरची पाटी. रुळांवर कोणी पडलेलं दिसलं, रूळ तुटलेला दिसला, गुरं किंवा वाहन अडकलेलं दिसलं, तर मोबाइल काढाच, पण १३९ लावण्यासाठी. फोनवर ‘दादरीच्या थोडं पुढे’ किंवा ‘त्या मोठ्या झाडापाशी’ असं सांगू नका. जवळच्या खांबावरची पाटी वाचा. वरचा आकडा किलोमीटर, खालचा खांबाचा. दोन्ही सांगा आणि तुम्ही कोणत्या दोन स्टेशनांच्या मधे आहात तेही सांगा. पाटी रुळांबाहेरून, लांब उभं राहूनही वाचता येते. नाहीच दिसली तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करा.